पॉपच्या घड्याळाची वाटणी

एका घड्याळाचे दोन वाटे करण्याचा पराक्रम आमच्या घरात झाला, आणि माझ्या दोन्ही भावांनी तो माझ्याच हातून करवून घेतला.

वडिलांना आम्ही पॉप म्हणायचो. सस्क्वेहॅना नदीकाठच्या या गावात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचं स्वतःचं खिशातलं घड्याळ त्यांच्या बापाकडून आलेलं, रेल्वेवाल्यांच्या पसंतीचं, गोल गरगरीत. दुकानात कोणाचंही घड्याळ दुरुस्त झालं की पॉप आधी खिशातून हे काढायचे, दोन्ही घड्याळं कानाला लावायचे, आणि मगच गिऱ्हाइकाला सोडायचे. त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून मी हा धंदा शिकले. भाऊ तेव्हा नदीवर मासे पकडत असायचे.

पॉप गेल्यावर मृत्युपत्र वाचलं. घर मॉमला. दुकान आणि हत्यारं मला, कारण ती दुसऱ्या कोणाला चालवताच येत नव्हती. आणि घड्याळ? 'माझ्या दोन्ही मुलग्यांना.' एक घड्याळ, दोन मुलगे, आणि मी खुर्चीत बसून नखं बघत होते. मला ते घड्याळ हवं होतं. अगदी लहान मुलाला हवं असतं तसं हवं होतं, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं त्याला उगाच मोठं नाव द्यायला नको.

वकील म्हणाला, विका आणि पैसे वाटून घ्या. पण थोरला गॅलन आणि धाकटा मर्ल यांचं लहानपणी सायकलच्या घंटीवरूनही एकमत झालं नव्हतं. दोघं थेट माझ्या टेबलापाशी आले.

"अर्डिथ, उघड हे," गॅलन म्हणाला. "मी बाहेरची केस घेतो, हा आतलं मशीन घेतो."

वेडेपणा वाटेल, पण आमच्याकडच्या जुन्या घड्याळांत याला जागा आहे. आतलं मशीन एका कारखान्याचं, बाहेरची डबी दुसऱ्याच कारखान्याची, असाच तेव्हाचा रिवाज. गिऱ्हाईक दुकानात जायचं, एक मशीन निवडायचं, ऐपतीप्रमाणे एक डबी निवडायचं, आणि दुकानदार दोन स्क्रू पिळून त्यांचं लग्न लावून द्यायचा. मापं ठरलेली, त्यामुळे एका मापाचं कुठलंही मशीन त्या मापाच्या कुठल्याही डबीत बसतं. माझ्या भावांनी काय केलं, तर घटस्फोट मागितला.

"डबी घेऊन करणार काय?" मी विचारलं.

"डबी काय म्हणतेस? केस म्हण. सोन्याची आहे. पॉपचा हात रोज हिला लागायचा. घड्याळ म्हणजे ही."

"हात डबीला लागायचा, पण चालायचं काय? मशीन!" मर्ल म्हणाला. "घड्याळाचा जीव माझ्याकडे येतोय. तू टरफलं घे."

दोन स्क्रू मी सोडवले. पॉपच्या घड्याळाचा गाभा एका हातात, रिकामी डबी दुसऱ्या हातात, आणि मनात आलं की या दोघांच्या डोक्यात हातोडी घालावी. पण घड्याळजीची हातोडी फार लहान असते. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी फक्त नाताळच्या कार्डातून बोलू लागले.

माझं मात्र बरं चाललं होतं. आता खिशातलं घड्याळ कोण वापरतो? सोन्याचा भाव चढला तशी माणसं आजोबांच्या डब्या वितळवायला नेऊ लागली, आणि आतली मशीनं मागे राहिली. आमच्या धंद्यात त्यांना बेवारशी म्हणतात. मी ती गोळा करते. धुते, गंज काढते, मोडलेली कडी नवी करते, तेल घालते, मग त्यांच्यासाठी पोलादाची नवी डबी कातते, मागे काच लावते आणि पट्टा जोडते. शंभरी उलटलेलं मशीन मनगटावर टिकटिकायला लागतं. आमच्या घड्याळवाल्यांच्या क्लबातली काही जुनी खोडं मला खाटीक म्हणतात. म्हणोत बापडे. धडधाकट डबीतलं मशीन मी कधी उपटून काढलेलं नाही. आयुष्यात एकदाच काढलं, ते पॉपचं.

तर गेल्या उन्हाळ्यात मर्ल आला. मर्ल अंगणात बसवायचे गरम पाण्याचे टब विकतो, आणि अर्धा माल मनगट दाखवूनच खपवतो. पॉपचं मशीन त्याने लोण्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलं होतं. लोणी पुसलेलं होतं, एवढंच काय ते.

"अर्डी, माझ्या ओळखीच्या एका दातांच्या डॉक्टरने तुझ्याकडून घड्याळ घेतलं. साला जेवताना बाही वर करून बसतो. मलाही कर तसं, पॉपच्या मशीनचं. गॅलनचा जळफळाट झाला पाहिजे."

"करते की. फक्त चावी बारावर येईल हं."

"म्हणजे?"

"पॉपचं घड्याळ उघड्या तोंडाचं, बिनझाकणाचं. साखळीला लटकायचं, म्हणून चावी डोक्यावर. मनगटावर आलं की ती चावी बरोबर पट्ट्याखाली."

"मग मशीन फिरव जरा."

"फिरवते. मग चावी तीनवर येईल, पण सेकंदाचा छोटा काटा सहावरून उठून नऊवर जाऊन बसेल. आणि पॉपची तबकडी बसणार नाही, नवी करावी लागेल."

मर्लने मनगट समोर धरून मान तिरकी केली. "लोक विचारतील, घड्याळ आडवं का घातलंय."

"विचारतील."

"आणि वेळ लावायची कशी?"

"पुढची काच उघडायची, आतली बारीक पट्टी नखाने ओढायची, काटे फिरवायचे, पट्टी आत सारायची, काच लावायची. रेल्वेवाल्यांसाठी होतं ना हे. चावीला चुकून धक्का लागून काटे हलले तर गाड्या एकमेकींवर चढायच्या."

"अगं, मी टब विकतो! मार्चमध्ये सगळी घड्याळं तासभर पुढे, नोव्हेंबरात तासभर मागे, दर वेळी तुझ्याकडे येऊ का?"

"ये की. कॉफी पाजीन."

 माझ्या टेबलावर तयार घड्याळांचा ट्रे होता. त्यातलं एक त्याने उचलून मनगटावर धरलं. चावी तीनवर, छोटा काटा सहावर, सगळं जगासारखं.

"याचं बरं सरळ आहे!"

"ते झाकणवाल्या घड्याळाचं मशीन. झाकण असलं की चावी तीनवर. झाकण कोणीतरी वितळवलं."

मी ब्रशने एक चाक साफ करत बसले. खरं तर बारावरची चावी हीच जाणकारांना पटणारी खूण, तसं घड्याळ मुद्दाम मागणारे माझ्याकडे रांग लावतात, हे मी त्याला सांगू शकले असते. पण त्याने विचारलं नाही, आणि मला ते चाक फारच मळलेलं वाटत होतं.

"अर्डी," मर्ल आवाज खाली आणून म्हणाला, "वरून बघून कोणाला कळतं का गं, आत कुठलं मशीन आहे ते?"

"मला कळतं."

"तू सोड. गॅलनला?"

"गॅलनला बॅटरी आणि चावी यांतला फरक कळला तरी खूप."

"मग हेच दे ना. आणि पॉपचं... ते राहू दे तुझ्याकडे. सुट्या भागांना होईल. पण गॅलनला एक शब्द सांगायचा नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. अगदी उजवा हात वर करून घेतली. तो गेल्यावर लोण्याचा डबा उघडला आणि पॉपच्या मशीनला म्हटलं, घरी आलास का रे, बाबा.

मग महिना दीड महिना गेला असेल, गॅलन आला. गॅलन बँकेतून निवृत्त झालाय, पण गळ्यातल्या टायमधून अजून झालेला नाही. पॉपची डबी त्याने इतकी वर्षं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती. निळ्या मखमलीत गुंडाळून.

"मर्ल म्हणे मनगटावर पॉपचं घड्याळ घालून हिंडतोय," तो म्हणाला. "मला या केसमध्ये चांगलंसं मशीन बसवून दे. थँक्सगिव्हिंगला सगळे जमू, तेव्हा बघू कोणाचं खरं ते. माझं सोन्याचं आहे."

मी डबीचं मागचं झाकण फिरवून उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं. आत बारीक अक्षरांचा ठसा होता.

"वाच."

त्याने चष्मा लावला. "पंचवीस वर्षांची हमी." त्याने मान डोलावली. "उत्तमच की."

"गॅलन, तू जन्मभर बँकेत होतास. सोन्याला हमी कशाला लागते?"

 गॅलनचा चेहरा हळूहळू उतरताना बघणं हे माझं लहानपणापासूनचं सुख आहे.

"आत पितळ आहे," मी सांगितलं. "वरून सोन्याचा पत्रा. पंचवीस वर्षं झिजणार नाही अशी हमी द्यायचे. ही त्याच्या तिप्पट चालली. इथे कडेला बघ, फिकट पिवळं दिसतंय ना? ते पितळ डोकावतंय."

"पितळ?" तो म्हणाला. "मी पितळ लॉकरमध्ये ठेवलं?"

"मखमलीत."

"भाडं भरतोय मी त्याचं!"

 इथेही एक गोष्ट सांगता आली असती. ती कड झिजली होती ती पॉपच्या अंगठ्याने. दिवसातून कितीदा तरी ते घड्याळ खिशातून काढायचे आणि त्यांचा अंगठा नेमका तिथे बसायचा. पॉपचा हात हिला लागायचा, असं वाटणीच्या दिवशी ओरडून सांगणाऱ्याने ते स्वतःहून ओळखायला हवं होतं. मी वाट पाहिली. खरंच पाहिली, तो ओळखील म्हणून. ओळखलं असतं तर मी ती डबी त्याला चकचकीत पुसून, हवं ते मशीन घालून, आनंदाने परत दिली असती.

गॅलन म्हणाला, "तुझ्याकडे दुसरी असेल ना? जरा ठसठशीत, साधीच, पण पितळ न दिसणारी?"

मी खण ओढला. त्याने तीन डब्या बोटांनी उलटसुलट केल्या आणि सर्वांत चकचकीत होती ती उचलली.

"हीही पत्र्याचीच हं," मी बजावलं.

"असू दे. दिसत तर नाही. मर्लला काय, पॉलिश केली म्हणून सांगेन. तू मात्र तोंड उघडायचं नाहीस."

"आणि ही?"

"टाक भंगारात."

पुन्हा उजवा हात वर. त्याच संध्याकाळी मी पॉपचं मशीन पॉपच्या डबीत बसवलं. स्क्रूंनी डबीच्या कडेवर जुने ओरखडे केलेले असतात, ते दोन्ही स्क्रू आपापल्या ओरखड्यावर जाऊन बसले. चावी दिली. चालू झालं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले आणि मग उठून सूप गरम केलं. आता सांगा, मी एक अक्षर तरी खोटं बोलले होते का?

थँक्सगिव्हिंगला आम्ही सगळे मॉमकडे जमलो. मॉमकडे म्हणजे माझ्याकडेच, ती आपलं घर सोडून आता माझ्या घरात, दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहते. तिची नजर जवळजवळ गेलीये, पण कान असे की तळघरात मांजर चाललं तरी सांगेल. भावांनी एकत्र यावं म्हणून तिने यंदा दोघांनाही फोनवर दम दिला होता, की तुम्ही आला नाहीत तर पुढल्या वर्षी मीच नसेन. ही धमकी ती बरीच वर्षं वापरतेय आणि ती अजून बोथट झालेली नाही.

टर्की कापून झाली, बटाट्याचं सारण फिरलं, बिटाच्या रसात मुरवलेली लाल अंडी फिरली. मर्लने बाही कोपरापर्यंत दुमडली होती. बाहेर बर्फ पडायच्या बेतात होता.

"गरम होतंय का रे तुला?" गॅलनने विचारलं.

"पॉपचं मशीन आहे ना, उष्णता देतं." मर्लने मनगट टर्कीवर धरलं. "ऐक, काय ठणठणीत चाललंय."

गॅलनने जाकिटाच्या खिशातून साखळी ओढली. "चालणारी घड्याळं दुकानात मिळतात. ही पॉपची केस."

"अगदी नवीकोरी दिसतेय."

"पॉलिश केली. अर्डिथने."

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. दोघांच्याही डोळ्यांत एकच विनवणी होती, आणि ती एकमेकांना दिसत नव्हती. मी बीट वाढून घेतलं.

"पॉलिश केली तरी टरफल ते टरफल," मर्ल म्हणाला.

"आणि तुझं काय? पॉपच्या मशीनला पोलादाचा डबा चढवला! पॉपनी बघितलं असतं तर..."

"अरे, निदान चालतंय ते! तुझ्यात कुणाचं मशीन आहे कुणास ठाऊक!"

"अर्डिथ, तू सांग," गॅलन ओरडला. "तुझा धंदा आहे हा. पॉपचं घड्याळ कुणाकडे आहे?"

घोड्यावर बसून त्याने स्वतःच लगाम माझ्या हातात दिला. पण मी शपथ घेतलेली बाई.

"मी काही बोलणार नाही," मी म्हटलं. "मॉमला विचारा. त्या घड्याळाच्या शेजारी ती जन्मभर झोपली."

मॉमने सुरी खाली ठेवली. "आणा इकडे."

गॅलनने दिलं. तिने कानाला लावलं, डबीवरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. मग मर्लने मनगटच तिच्या कानाशी नेलं.

"छान आहेत दोन्ही," ती म्हणाली. "पण हायरमचं कुठाय?" पॉपना ती नावानेच हाक मारायची.

 मी उठले, दुकानातून ते घेऊन आले आणि काही न बोलता मॉमच्या तळहातावर ठेवलं. तिने बोटं मिटली. अंगठा त्या झिजलेल्या कडेवर गेला, आणि तिथेच राहिला.

"हं," ती म्हणाली. "हे."

मर्लने तबकडी ओळखली, त्याचे कान लाल झाले. गॅलनने डबी ओळखली, त्याने रुमाल काढून काही कारण नसताना चष्मा पुसला. दोघांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं. हे पॉपचं, असं जो म्हणेल त्याला आपल्या खिशातलं किंवा मनगटावरचं खोटं, हेही म्हणावं लागणार होतं, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडावर. एवढी हिंमत आमच्या घराण्यातल्या पुरुषांत नाही.

आता मॉमने काय करावं? तिने ते घड्याळ सरळ पुढे धरलं. "घ्या रे. मृत्युपत्रात तुमचीच नावं आहेत. कोण घेतो?"

 एवढी चलाखी केली ती वाया गेली, असंच वाटलं. कोणाही एकाने हात पुढे केला असता तर संपलंच होतं. शपथेने मला मुकं करून ठेवलेलं.

"छे, मॉम," गॅलन म्हणाला. "माझं हे आहे ना."

"माझं हे," मर्लने बाही खाली ओढत म्हटलं.

"नक्की? नंतर भांडाल."

"नाही नाही."

"मग अर्डिथचं," मॉम म्हणाली आणि घड्याळ माझ्याकडे सरकवलं. "मर्ल, ते अंड्यांचं भांडं इकडे दे."

इतकी सरळ वाटणी वकिलालाही जमली नसती. आणि गंमत म्हणजे त्यानंतर दोघं भाऊ कधी नव्हे इतके गोडीने वागले. गॅलनने मर्लच्या टबांची चौकशी केली. मर्ल म्हणाला, केस खरंच सुंदर दिसतेय. आपण एकटेच खोटारडे आहोत असं दोघांनाही वाटत होतं, आणि खोटारडा माणूस जेवणाच्या टेबलावर फार नम्र असतो.

जेवणं झाल्यावर ते फुटबॉल बघायला बाहेरच्या खोलीत गेले. मी भांडी घासत होते, मॉम शेजारी बसून चमचे पुसत होती. घड्याळ तिच्या मांडीवर होतं.

"तुला आधीच ठाऊक होतं," मी म्हटलं.

"माझी खोली तुझ्या दुकानाच्या वर आहे. इतकी वर्षं ऐकलेली टिकटिक मला कळणार नाही का? दोन महिने ऐकतेय."

"मॉम, त्यांनी माझं नाव का नाही लिहिलं?"

ती चमचे पुसत राहिली. "मी म्हटलं होतं त्याला, पोरीला दे. तो म्हणाला, मुलग्यांच्या हातात काहीतरी तयार ठेवावं लागेल, अर्डिथला माझे हात मिळालेत."

मला इतका राग आला की बशी पाण्यात आपटली. एवढं मोठं बोलणं, आणि ते मला त्यांच्या मागून, साबणाच्या पाण्यात हात असताना, दुसऱ्याच्या तोंडून कळायचं!

"हे मला तोंडावर सांगायला काय त्यांची जीभ झिजत होती? स्टूलभर अंतरावर बसायचे! हात मिळाले म्हणे. ते घड्याळ मला हवं होतं, मॉम!"

"त्याला सांगितलंस कधी?"

मी नळ बंद केला. आठवून पाहिलं. स्टूल आठवलं, दिवा आठवला, पॉप दोन घड्याळं कानाला लावून उभे राहायचे ते आठवलं. त्या वेळी मी काय करायचे, तर खाली मान घालून ब्रश चालवायचे. भावांना फसवायला मला जेवढं बोलावं लागलं तेवढंही मी पॉपशी कधी बोलले नव्हते.

"नाही," मी म्हटलं.

"मग तोही तसलाच आणि तूही तसलीच." मॉमने घड्याळ मांडीवरून उचलून माझ्या दिशेने धरलं. "हवंय ना? सांग नीट."

"हवंय."

मी हात पुढे केला, तसं तिने ते झटकन मागे घेतलं.

"हात पूस आधी," ती म्हणाली.